माळवद गळतं, तशी गाडीही

मराठीत घर गळतं, कन्नडमध्ये ते ‘सोरतद’. गुलबर्गा, बीदर, आळंद, भालकी या पट्ट्यातल्या जुन्या घरांनी हे दोन्ही शब्द भरपूर ऐकले आहेत. मातीचं माळवद, कन्नडमध्ये ज्याला ‘माळगी’ म्हणतात, ते दरवर्षी मृगाच्या तोंडावर पांढरी माती टाकून, चोपून घ्यावं लागायचं. एवढं करूनही पाऊस लागून राहिला की मधल्या खोलीत पातेली मांडावी लागायचीच. संत शिशुनाळ शरीफांनी (१८१९ ते १८८९) गळक्या माळवदावर एक तत्त्वपद रचलं आणि ते आपल्याकडे आजही भजनात म्हटलं जातं. त्यातल्या गळतीचा अर्थ अध्यात्माचा. माझा विषय मात्र अगदीच लोखंडी आहे. जुन्या मोटारगाडीत पावसाचं पाणी कुठून येतं, ते शोधायचं कसं?

ज्यांनी माळवद सांभाळलंय त्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाणी जिथे टपकतं, त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. ते लांब कुठेतरी आत शिरतं, तुळईला धरून चार हात चालत येतं आणि सोयीची जागा बघून खाली पडतं. गाडीचंही हेच. पण गाडी म्हटली की आपण हे शहाणपण घरी ठेवून गॅरेजात जातो.

आमच्या घरची गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. गाडी २००४ सालची, चार दारांची, छोटी पेट्रोल गाडी. माझे सासरे, आमचे अप्पा, निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशातून त्यांनी ती घेतली. अप्पा आता नाहीत. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आम्ही तिची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली ती काही नुसत्या आठवणीखातर नव्हे. सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, दमा आहे. त्यांचे डॉक्टर सोलापूरला. दर दोन महिन्यांनी आळंद, वागदरी, अक्कलकोट करत जायचं, संध्याकाळी परत यायचं. एसटी त्यांना झेपत नाही आणि नवी गाडी आम्हाला.

त्या वर्षी जूनचे दोन-तीन पाऊस झाले आणि गाडीचं दार उघडलं की कुबट वास येऊ लागला. तळघरात ओलं पोतं राहिलं की येतो तसा. मागच्या डाव्या सीटच्या पायाशी मॅटिंग दाबलं की बुडबुडे यायचे. जुलैच्या सोलापूर फेरीत अव्वांना वाटेतच खोकल्याची उबळ आली, वागदरीच्या पुढे दोनदा गाडी थांबवून पंप घ्यावा लागला. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी निघताना म्हणाल्या, ‘मी रेल्वेनेच जाते की.’ ज्या बाईने अप्पांच्या गाडीला कधी नाव ठेवलं नाही, तिचं हे वाक्य मला फार लागलं.

ओल आणि दमा यांचा संबंध आता कुणाच्या सांगीवांगीचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओल आणि बुरशी असलेल्या जागेत राहणाऱ्यांना श्वासाचे त्रास आणि दमा होण्याचा धोका वाढतो, असं त्यात म्हटलं आहे. ती घरांविषयी आहे हे खरं. पण गाडी म्हणजे तरी काय, काचा बंद केलेली एक अगदी लहान खोली. वर एसी चालू असला की आतलीच हवा फिरून फिरून नाकात जाते.

आमचे हे गाडी एका गॅरेजात घेऊन गेले. त्यांनी पुढच्या काचेच्या रबरावर चहूबाजूंनी सिलिकॉन ओतून दिलं. आठ दिवसांनी पाऊस आला, पाणीही आलं. पुन्हा नेली, पुन्हा सिलिकॉन. या वेळी मागच्या काचेलासुद्धा. मुलगा फोनवरून म्हणाला, विकून टाका. एक एजंट बघायला आला. बाहेरून बघून चाळीस हजार म्हणाला, मागचं मॅटिंग उचलून पाहिलं आणि पंचवीसवर आला.

इथे सिलिकॉनबद्दल थोडं सांगते, कारण बहुतेकांची पहिली धाव तिकडेच असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते वाळताना आम्ल सोडतं. न्हाणीघराच्या फरशीला ते चालतं, उघड्या पत्र्यावर त्याने गंज धरतो. दुसरं असं की जिथून पाणी येतच नाही तिथे कितीही लावलं तरी काय होणार? उलट कधी कधी त्याने पाण्याची बाहेर पडायची वाटच बंद होते, आणि मग आलेलं पाणी आतच मुक्काम करतं.

कारण गाडी ही डबा नाही. घट्ट झाकणाच्या डब्यासारखी ती बनवलेलीच नसते. ती पाण्याला थोडं आत येऊ देते आणि ठरलेल्या वाटेने बाहेर काढते. माळवदाला उतार आणि पन्हाळ, तसंच. जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसिडर आठवा. दारांच्या वर, छपराच्या कडेने एक बारीक पन्हाळच असायची. छतावरचं पाणी त्यातून वाहत मागे किंवा पुढे जाऊन पडायचं. पद्मिनीचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगते, ती ज्या प्रीमियर कंपनीची, ती १९४४ मध्ये काढणारे वालचंद हिराचंद हे जन्माने आपल्या शेजारच्या सोलापूरचे. कारखाना कुर्ल्याला. पद्मिनी हे नाव त्या गाडीला १९७४ मध्ये मिळालं, आणि मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या गाड्यांच्या काचा जाड रबरात बसवलेल्या असत. नंतरच्या गाड्यांत काच सरळ पत्र्याला चिकटवायला लागले, छपराची पन्हाळ पट्टीखाली लपली. पण पाण्याच्या वाटा आहेतच, फक्त दिसेनाशा झाल्या.

आपल्याकडे आणखी एक भर. गाडीची गळती पावसाळ्यात दिसते, पण तिची सुरुवात उन्हाळ्यात होते. एप्रिल-मेमध्ये गुलबर्ग्याचा पारा बेचाळीसच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावून बघा. अशी पंधरा-वीस वर्षं तापून रबर आकसतं, कडक होतं, कोपऱ्यांत तडकतं. सांध्यांतला मसाला वाळून भेगाळतो. त्यात आपली काळी माती. वाऱ्याने उडालेली धूळ दारांच्या तळाशी साचते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि तो वाळला की सिमेंटसारखा घट्ट. दारापुढे कडुलिंब असेल तर विचारूच नका. त्याची बारीक पानं आणि मोहोर वायपरखालच्या जाळीतून आत पडतात आणि तिथली निचऱ्याची भोकं बुजवतात.

स्टेशनच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. अप्पा असताना गाडी त्यांच्याकडेच जायची. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ते काम फारसं घेत नाहीत. तरी मी गेले. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी म्हणाले, ‘अम्मा, पानी को चख के देखे क्या?’ मी बघतच राहिले. मग हसून त्यांनी सांगितलं, चाखायचं नाही, पण ओळखायचं तरी. गाडीत तीन प्रकारचं पाणी येतं.

पहिलं एसीचं. हवेतली आर्द्रता थंड जाळीवर धरते आणि एका नळीने रस्त्यावर टपकते. ती नळी कचऱ्याने बुजली की पाणी डॅशबोर्डखाली, बहुधा पुढच्या डाव्या पायाशी येतं. ते स्वच्छ असतं आणि त्याला पाऊस लागत नाही, मे महिन्यातही येतं. दुसरं रेडिएटरचं. गाडीला हीटर असेल आणि तो आतून फुटला असेल तर हिरवं किंवा लालसर, बोटाला चिकट, गोडसर वासाचं पाणी येतं, काचांवर आतून तेलकट धुकं धरतं. हे विषारी असतं, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांना जपावं. तिसरं पावसाचं. मळकट, आणि पावसानंतरच. आमचं तिसरं, यात शंका नव्हती. एसी महिनाभर बंद होता.

‘अब घर जाओ, गाडी पूरी सुखाओ,’ चाचा म्हणाले. ‘गीली गाडी में पानी कैसा ढूंढते?’

हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. आम्ही दोघांनी रविवारी पुढच्या सीटा काढल्या. चार-चार बोल्ट, दादांच्या पान्यांनी निघाले. मॅटिंग उचललं. वरून ते जवळपास कोरडं वाटत होतं, पण खालचा नमदा उचलायला दोघं लागलो, इतका तो पाण्याने जड झाला होता. अंगणातल्या शहाबादी फरशीवर तो उभा करून ठेवला तर तासभर खालून धार चालू होती. खालचा पत्रा दोन ठिकाणी तांबूस झाला होता, आरपार मात्र गेला नव्हता. आणखी एक पावसाळा गेला असता तर गेला असता. सीटखाली वायरींचे सांधे होते, एकावर हिरवट गंज. पाण्याने फक्त वासच येतो असं नाही, वायरीही खातं. चार दिवस उघडीप मिळाली, नमदा वाळला. वाळल्यावरही वास मारत होता म्हणून शेवटी नवाच कापून घातला.

एवढं झाल्यावर खरं शोधकार्य. इथे अव्वांचा प्रवेश होतो. त्या पायरीवर बसून सगळं बघत होत्या. आम्ही मागच्या डाव्या दाराभोवतीच घुटमळतोय हे बघून म्हणाल्या, ‘नीर याव कडी हरीतद?’ पाणी कोणत्या बाजूला वाहतं? आमच्या घरापुढे चढ आहे. गाडी फाटकाच्या आत तोंड वर, शेपूट खाली अशी उभी असते, अप्पांच्या वेळेपासून तशीच. म्हणजे पुढे कुठेही पाणी शिरलं तरी ते नमद्याखालून मागेच येणार. अव्वांचं लहानपण अफझलपूर तालुक्यात माळवदाच्या घरात गेलं. तिथे गळती लागली की त्यांचे वडील ओल्या डागाकडे बघायचेच नाहीत, तुळईचा चढ कुठे आहे ते बघून तिकडे शिडी लावायचे.

मग ह्यांनी गाडी फिरवून उलटी उभी केली, तोंड खाली. आतमध्ये पत्र्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली; तुमच्या हातातला हा अंकही त्या कामाला उत्तम आहे, वाचून झाल्यावर. रात्री पाऊस झाला. सकाळी मागचे कागद कोरडे ठणठणीत आणि पुढच्या डाव्या बाजूचे लगदा झालेले. एका पैशाचा खर्च नाही आणि अर्धी गाडी संशयितांच्या यादीतून बाद. दोन सिलिकॉनांत मिळून झालं नव्हतं ते एका उतारात झालं.

पुढच्या डाव्या कोपऱ्यात पाणी येण्याच्या वाटा तरी किती! काचेचं रबर. वायपरखालचा कप्पा, तो तुंबला की पाणी पंख्याच्या तोंडातून आत सांडतं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी जातात, तिथल्या रबरी टोप्या. दाराच्या चौकटीचं बीडिंग. खुद्द दार. आणि तळाच्या पत्र्यातले रबरी बूच, त्यातून तर पाणी खालून, रस्त्यावरून येतं.

यातलं एकेक तपासायचं ते खालून वर. नळी घेऊन सरळ छतावर पाणी सोडलं की सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. म्हणून आधी चाकांच्या वरच्या पोकळीत, मग दाराच्या खालच्या निम्म्या भागावर, मग काचेच्या पट्टीवर, मग पुढच्या काचेच्या तळाला, सर्वांत शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी हळू धार, पाचेक मिनिटं. जोराचा फवारा नको. पाऊस कधी इतक्या जोराने रबराच्या आत घुसत नाही, सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप घुसतो, आणि मग नसलेली गळती दिसते. एक जण बाहेर, एक जण आत बॅटरी घेऊन.

आत कशाकडे बघायचं? पाणी बारीक असतं, पत्र्याच्या रंगात मिसळून जातं. यासाठी मी बायकांची युक्ती केली. पांढरी रांगोळी चिमटीत घेऊन दाराच्या उंबऱ्यावर, डॅशबोर्डखालच्या सांध्यावर, काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक रेघा ओढल्या. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी रेघ तिथे तुटते आणि ओघळ कोणत्या बाजूने आला ते दिसतं. टाल्कम पावडरही चालते. रांगोळी आमच्या घरात नेहमी असते, म्हणून रांगोळी.

दारांच्या बीडिंगसाठी वेगळी, सोपी चाचणी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. घट्ट ओढावी लागली तर रबर ठीक, सरकन निघाली तर तिथे फट. अशी दाराभोवती दहा-बारा ठिकाणी करायची. आणि काचेचा संशय असेल तर सगळ्या काचा बंद करून आतला पंखा बाहेरची हवा घेईल असा पूर्ण वेगाने लावायचा, बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी चोपडायचं. फट असेल तिथे फुगे येतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तसंच.

आमच्या पुढच्या काचेला एकही फुगा आला नाही. ज्या काचेवर दोनदा सिलिकॉन झालं होतं ती मुळात निर्दोष होती.

वायपरखालची जाळी काढली तर आत कडुलिंबाचा पाचोळा बोटभर जाडीचा, कुजून काळा झालेला. तो काढला, भोकं मोकळी केली. तिथे मऊ प्लॅस्टिकची नळी किंवा जाड दोरी वापरावी, सळई नको, आतलं रबर फाटतं. मला वाटलं हाच चोर. पुन्हा पाणी सोडलं, आतली रेघ शाबूत. चोर नव्हता, पण कधी ना कधी झालाच असता.

मग पुढचं डावं दार. खाली पाणी सोडलं, काही नाही. काचेच्या बाहेरच्या पट्टीवर हळू धार धरली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला आतून ह्यांचा आवाज आला, ‘रेघ तुटली!’ दाराच्या आतल्या पॅडखालून, उंबऱ्यावरून एक बारीक ओघळ आत उतरत होता, थेट नमद्याच्या जागी.

आता दाराचं शास्त्र. हे कळलं तेव्हा मला खरोखर गंमत वाटली. दाराची काच खाली-वर होते, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना थोडी फट असणारच. बाहेरची रबरी पट्टी कितीही नवी असली तरी पावसाचं थोडं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतंच. ते उतरावं अशीच योजना असते. दाराच्या तळाशी दोन-तीन भोकं असतात, त्यातून ते रस्त्यावर पडतं. आणि दाराच्या आतल्या पत्र्याला, जिथे काचेची यंत्रं बसवायला मोठमोठी खिंडारं ठेवलेली असतात, तिथे एक जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आपल्याला दिसतं ते कापडी पॅड त्याच्यावर बसतं. हा कागद म्हणजे दाराचा रेनकोट. खिंडारातून आत येऊ पाहणारं पाणी त्यावर आदळून पुन्हा दाराच्या पोटात पडतं. कागदाची खालची कड दाराच्या आत खोचलेली असते ती त्याचसाठी.

आमचं पॅड काढलं. हँडलचे दोन स्क्रू, काच फिरवायच्या दांड्याची एक स्प्रिंग, बाकी कडेने प्लॅस्टिकच्या कळ्या, त्या सपाट काहीतरी घालून एकेक सोडवायच्या. आत तो कागद मधोमध गोल कापलेला, खालची कड लोंबत असलेली. काही वर्षांपूर्वी मुलाच्या हौसेखातर बाजारातल्या एका दुकानातून स्पीकर बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने कागद ब्लेडने कापला, स्पीकर ठोकला आणि पॅड लावून दिलं. त्यात दाराच्या तळाची तिन्ही भोकं काळ्या मातीने गच्च बुजलेली. पाणी दारात साचत साचत वर यायचं आणि कापलेल्या कागदातून, उंबऱ्यावरून आत. उन्हाळ्यात कोण बघतो? पहिली काही वर्षं भोकं मोकळी होती तोवर निभावलं.

जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारते आता: दारात नंतर कधी स्पीकर बसवलेत का? पॉवर विंडो करून घेतल्यात का? सेंट्रल लॉक? या तिन्ही कामांना तो कागद सोडवावा लागतो, आणि परत नीट चिकटवणारा हात क्वचितच भेटतो. छतावर कॅरियर बसवला असेल तर त्याचे स्क्रू, एरियलचं भोक, डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांची रबरं आणि स्टेपनीखालचं बूच, हेही बघावं. पण माझं मत विचाराल तर दारं आधी.

दुरुस्ती अगदीच मामुली निघाली. तारेने भोकं मोकळी करून दाराच्या पोटात मगभर पाणी ओतलं, ते खळखळ खाली आलं तेव्हा अव्वांनी पायरीवरून मान डोलावली. सुपर मार्केटात जाड प्लॅस्टिक मीटरवर मिळतं, ते जुन्या कागदाच्या मापाने कापलं. चिकटवायला काळी ब्युटिल टेप, ती वाळत नाही आणि पुन्हा सोडवता येते. स्पीकरच्या मागे प्लॅस्टिकचाच एक टोपीसारखा पडदा केला. खालची कड आत खोचली. तांबूस झालेला पत्रा तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग. टेप, प्लॅस्टिक, नमदा, रंग सगळं धरून अकराशे रुपये आणि दोन रविवार. दोनदा केलेल्या सिलिकॉनपेक्षा स्वस्त.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र राहते. जुनी गाडी विकत घेताना आत ओल दिसली तर ती नेहमी अशी साधी गळती असेलच असं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; आपल्या जिल्ह्यात वर्षभरात सातशे-आठशे पडतो. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेने आपल्याकडेच काय केलं ते आठवत असेलच. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावी विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला मळकट पाण्याची रेघ असते. सीटच्या बोल्टांवर गंज, डॅशबोर्डच्या मागे हात घातल्यावर बोटाला लागणारा बारीक गाळ, एकाच जुन्या गाडीत संशय येईल इतकं नवं मॅटिंग, ही लक्षणं. गळतीचं पाणी एका कोपऱ्यातून येतं, पुराचं सगळीकडे सारखं चढतं. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. तिच्या वायरींचं दुखणं कितीही रविवार घालवून संपत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी हस्ताचा पाऊस आला, तोही असा की दोन दिवस घराबाहेर पडता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी उघडली. चारही कोपऱ्यांतले कागद जसेच्या तसे, वरच्या बातम्या वाचता येत होत्या. वास नव्हता, किंवा होता तो नव्या रंगाचा. ऑक्टोबरच्या फेरीला अव्वा पुढच्या सीटवर बसल्या. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला उतरल्या तेवढंच, पंप पिशवीतच राहिला. परतताना वागदरीजवळ पाऊस लागला तर त्या वाकून दाराच्या उंबऱ्यावरून बोट फिरवून बघत होत्या.

चाचांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘दूसरे तरफ का दरवाजा देखे क्या?’ उजव्या बाजूलाही स्पीकर आहे. त्याचंही पॅड उघडलं, कागद तसाच गोल कापलेला. प्लॅस्टिक पुरेसं उरलं होतं.